उजेडासमोर धरून

गिरणाऱ्याच्या अलीकडे, द्राक्षबागेला लागून
नांगरून सोडलेलं रान. गेटवरच्या पोराने
माझ्या मनगटावर केशरी कागदी पट्टा चिकटवला.
"काका, एकटेच?"
म्हटलं, आमचा माणूस आत आहे.

एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
नोटांचे ताव तपासले मी.
ताव उचलायचा, उजेडासमोर धरायचा,
रंग रंगावर बसलाय का, रेघ सरकलीय का बघायचं.
केसभर सरकली तरी ताव बाजूला.
शेजारी यंत्रं धडधडायची. त्यांनी माझ्या कानांतले
बारीक आवाज एकेक करून नेले:
आधी चिमण्या, मग कुकरची शिट्टी,
मग बायकोचं पुटपुटणं,
ज्याबद्दल तिने प्रेसला कधी माफ केलं नाही.

बँडचं नाव बेसाल्ट. चार पोरं, एक मुलगी.
त्यांची तोंडं उघडताना दिसत होती.
रॉक म्हणजे दगड, एवढंच मला ठाऊक,
आणि दगड आपल्याकडे आहेच, पांडवलेणीपासून त्र्यंबकपर्यंत.

मग अंधार झाला.
झाला नाही. कुणीतरी हाताने केला.

आणि त्यातून एक रेघ.
पांढरी, केसाएवढी, मंचावरून निघून
आमच्या डोक्यांवरून थेट बागेच्या तारांपर्यंत.
तारा पेटल्या. वेलींना बांधलेल्या सुतळ्याही दिसल्या,
घडांवर गुंडाळलेले वर्तमानपत्राचे कागदही.
मग दुसरी रेघ, मग चाळीस,
धुरावर हिरवा पापुद्रा पसरला, पाण्यासारखा हलणारा,
आणि आम्ही सगळे गंगापूर धरणाच्या तळाशी उभे,
वर बघत.
जांभळा आला. जांभळ्यावर तांबडा, बरोब्बर कडेला कड लावून.
ढोल की ड्रम जे काय ते छातीत सुरू झालं
आणि मी मान हलवली,
हे यंत्र माझ्या ओळखीचं होतं.

एकदाच निळा उशिरा आला.
अर्धा श्वास.
बारा हजार माणसं हात वर करून उड्या मारत होती,
माझा हात मात्र सवयीने पुढे गेला,
ताव बाजूला काढायला.

मी मागे वळलो.
सगळ्यांच्या पाठीमागे, ताडपत्रीखालच्या मचाणावर
छोट्या दिव्याच्या गोलात एक चेहरा.
ओठ हलत होते, एक दोन तीन चार,
बोटं बटणांवर. मंचाकडे नजरही नव्हती त्याची,
त्याला तो पाठ होता.
नाव आम्ही निनाद ठेवलं, आणि पोरगा उजेडाकडे गेला.
प्रेसच्या परीक्षेला बसवलं तर अर्ध्यातून उठून आला होता.
दोन वर्षं एकाच घरात आम्ही मीठ मागायला
आईला मध्ये घातलं.
मागच्या मंगळवारी मोबाइलवर त्याच्या दोन ओळी:
बाबा, शनिवारी या. कान नकोत, डोळे आणा.

शेवटी त्याने सगळंच पांढरं केलं.
आमचे सगळ्यांचे चेहरे एकदम उघडे पडले,
शेजारच्या मुलीच्या गालावर चमकी होती, आणि ती रडत होती.
मी मनगट वर धरलं. कागदी पट्ट्यात
जलचिन्ह नव्हतं, कुठून असणार,
पण खालच्या शिरा दिसल्या, आणि बोटांच्या कडा
लालभडक.

गर्दी मोटारींकडे गेल्यावर
तो खाली उतरला. केबलचं एक टोक
माझ्या हातात दिलं, न विचारता.
आम्ही गुंडाळत राहिलो, कोपर ते पंजा, कोपर ते पंजा.
पायाखाली चुरगळलेले ग्लास, थंडी वाढलेली.
तो काहीतरी बोलला. मी कान पुढे केला.
मोठ्याने म्हणाला, "चौथ्या गाण्यात निळा उशिरा आला ना?"

"कधी?" मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघत राहिला.
मग म्हणाला, "ओढू नका तेवढं, आत तार तुटते."